पावसाळ्याच्या रात्री घरात आलेली मण्यार

सोळा वर्षांपूर्वी माझी नेमणूक भोर तालुक्यातल्या एका शाळेत झाली आणि आम्ही भाटघर धरणाजवळ दोन खोल्यांचे कौलारू घर भाड्याने घेतले. घरात आम्ही पाच माणसे. मी, माझे मिस्टर, सासूबाई म्हणजे अम्मी, बारावीत शिकणारा धाकटा दीर आणि सहा वर्षांची मुलगी. मी शहरात वाढलेली. भिंतीवर पाल दिसली तरी पलंगावर चढून बसणारी.

वेळवंडी नदीवरचे हे धरण इंग्रजांच्या काळातले. जुनी माणसे त्याला अजून लॉईड धरण म्हणतात. जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. जुलैमध्ये पाणी चढू लागते, भातखाचरे तुडुंब भरतात, आणि बिळात, बांधात, दगडांच्या फटीत राहणारे सगळे जीव कोरडी जागा शोधत वर येतात. गावातली कोरडी जागा म्हणजे आपले घर. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या मोरीत खेकडा निघाला. मी ओरडले, तर शेजारच्या मावशी धावत आल्या आणि विचारू लागल्या, "एकच होता का?" त्यांना कालवण करायचे होते.

त्याच वर्षी माळ्यावर रात्री कुणीतरी चालू लागले. रोज ईशाच्या नमाजनंतर तासाभराने पावले वाजायची, मध्येच काहीतरी घरंगळायचे. अम्मींची खात्री झाली की घराला असर आहे. कुणाकडून तरी ताविज आणून आढ्याला बांधला. पावले थांबली नाहीत. शेवटी मिस्टरांनी शिडी लावून बॅटरी मारली, तेव्हा जुन्या गोणपाटावर उदमांजर आणि तिची तीन पिल्ले. घरंगळत होती ती जांभळे. महिनाभरात पिल्ले मोठी झाली आणि सगळी आपसूक निघून गेली. अम्मी अजूनही म्हणतात की ताविजाचाच गुण आला, फक्त उशिरा. मी वाद घालत नाही. माळ्यावरच्या उदमांजरीने कुणाचे काही बिघडत नाही, त्यामुळे तिथे ताविज बांधला काय आणि न बांधला काय.

अंथरुणातल्या मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. आज लिहायला बसले ती तिच्यासाठी.

आमच्या तिसऱ्या पावसाळ्यातली ही हकीकत. ऑगस्टची रात्र, वीज गेलेली, बाहेर संततधार. एकच पलंग होता, त्यावर अम्मी आणि मुलगी. आम्ही बाकीचे खाली, गोधड्या अंथरून. पहाटे तीनच्या सुमारास दिराने मला हाक मारली. "भाभी, पोटात फार दुखतंय."

आदल्या दिवशी एका घरी दावत होती. आम्ही धरून चाललो की जेवण बाधले. ओवा दिला, गरम पाणी दिले. त्याला उलटी झाली, तेव्हा तर खात्रीच पटली. तो पुन्हा आडवा झाला आणि म्हणाला, "डोळे उघडत नाहीत." आम्ही म्हटले, झोप आली असेल. मग तो म्हणाला की पाणी गिळता येत नाही, आणि त्याचा आवाज नाकातून येऊ लागला.

मिस्टरांनी खराब झालेली गोधडी मोरीत टाकायला उचलली. घडीतून काळी, चकचकीत, हातभर लांबीची दोरी खाली पडली आणि भिंतीकडे सरकली. अंगावर बारीक पांढरे पट्टे.

दिराच्या अंगावर आम्ही चावल्याची खूण शोधली. कुठेच दिसेना. सूज नाही, रक्त नाही, त्याला चावल्याचे आठवतही नव्हते. पुढे दवाखान्यात कोपरापाशी सुईने टोचल्यासारखे दोन ठिपके दिसले, तेही डॉक्टरांनी दाखवले म्हणून.

आवाज ऐकून शेजारी जमले. गर्दीत एक वडीलधारे म्हणाले, पलीकडच्या गावात एक जण साप उतरवतो, त्याला घेऊन येऊ. अम्मींनी लगेच मान डोलावली. मी नको म्हटले, तेव्हा अम्मींनी मला हदीस सांगितली: प्रवासात असलेल्या सहाबांनी एका टोळीच्या दंश झालेल्या सरदारावर सूरह फातिहा पढून दम केला आणि तो बरा झाला. ही हदीस सहीह बुखारीत आहे, मला ती माहीत होती. मी म्हटले, "अम्मी, फातिहा तुम्ही पढा. तुमच्यापेक्षा जास्त कळवळ्याने तो माणूस पढणार आहे का? पण गाडीत बसून पढा." आवाज चढवूनच म्हटले. सासूशी तसे मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

तरी या सगळ्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला आजही टोचतो, आणि त्यात ओव्याच्या पाण्यात गेलेला वेळ मी धरलेलाच नाही.

गावातून पहाटे दुधाची गाडी निघते. त्या दादांनी कॅन खाली उतरवले आणि दिराला मागे निजवले. अम्मी त्याचे डोके मांडीवर घेऊन भोरपर्यंत फातिहा पढत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पोटदुखी किती वाजता सुरू झाली?" त्यांनी पापण्या उचलून पाहिल्या, मान उचलायला सांगितली. दिराला मान उचलता आली नाही. लगेच सलाइनमधून सापाच्या विषावरची लस सुरू झाली आणि तशीच रुग्णवाहिकेतून पुण्याला रवानगी. तिथे पोहोचेपर्यंत श्वास उथळ झाला होता. चार दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. अकराव्या दिवशी चालत घरी आला, अलहमदुलिल्लाह.

नंतर मी मिळेल ते वाचून काढले. शिक्षकाला ती खोडच असते.

आपल्याकडे माणसांचे जीव घेणारे साप प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांतली मण्यार दिवसा सुस्त, रात्री फिरणारी. उंदीर, पाली आणि दुसरे साप हे तिचे खाणे, त्यांच्या मागावर ती घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली आणि ती अंगाखाली आली की चावते. तिचे दात बारीक, त्यामुळे चावा बहुधा दुखत नाही, माणूस जागाही होत नाही. घोणस चावली तर सूज आणि वेदना लपत नाहीत. मण्यारीत तसे काही नसते. तासाभरात, कधी काही तासांनी, पोट दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल मध्यरात्री पोट दुखते म्हणाले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर ओव्याचा डबा शोधू नका. अंगावर खूण नसली तरी थेट दवाखाना गाठा.

वेळेचे एवढे महत्त्व का, हे मला डॉक्टरांनी समजावले. मण्यारीचे विष नसांच्या टोकांवर जाऊन बसते आणि त्यांना इजा करते. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण झालेली इजा लगेच भरून काढू शकत नाही. ती शरीर स्वतः भरून काढते, त्याला दिवस लागतात. तोवर श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. तेवढे दिवस निभावले की माणूस बहुधा पूर्ण बरा होतो.

ही लस कशी बनते, हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि मुले तोंड उघडे ठेवून ऐकतात. तमिळनाडूतील इरुला जमातीचे लोक साप धरून त्यांचे विष काढतात आणि सापांना पुन्हा जंगलात सोडतात. ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाशी लढणारी द्रव्ये तयार होतात, त्यांपासून लस बनते. एकच लस चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून किंवा धरून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नये. आमच्याकडे त्या रात्री शेजाऱ्यांनी मण्यार मारली, पिशवीत घालून गाडीत ठेवली. डॉक्टरांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही.

सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. तरीही 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक मृत्यू खेड्यातले, आणि बरेचसे दवाखान्यात नव्हे, घरीच झालेले. निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

वरंधा घाट उतरला की महाड. तिथले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपले. रक्तदाबावरचे एक साधे औषध, प्राझोसिन, या दंशावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यांचे लेखन लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी आपल्या भागातल्या सर्पदंशावरही, मण्यारीच्या दंशावरही लिहिले. ही सगळी कामगिरी घाटाखालच्या एका लहान गावातली, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

दीर बरा झाल्यावर आम्ही सगळे कात्रजच्या सर्पोद्यानात गेलो. ते 1986 मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत राहून दाखवणारे तेच खैरे. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना पटावे म्हणून. तिथे मी मण्यार आणि कवड्या दोन्ही नीट पाहिले. कवड्या बिनविषारी. पालींसाठी भिंत चढून घरात येतो आणि मण्यार समजून मारला जातो. आमच्या शाळेत हजेरीच्या रजिस्टरांच्या कपाटात एकदा असाच कवड्या निघाला आणि काठीखाली गेला. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. हे वाचून कुणी बॅटरी घेऊन वाकून पट्टे मोजू नयेत. लांब उभे राहावे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला 1926 क्रमांकावर कळवावे. सापाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात बऱ्याच गोष्टी बदलल्या. सगळ्यांसाठी खाटा आल्या. मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचायची, हा नियम झाला. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले आहे. भाताची पोती पाटावर चढवली, कारण पोत्याखाली उंदीर आणि उंदरामागे साप. सरपण आणि कोंबड्यांचे खुराडे भिंतीपासून दूर गेले. दाराखालची फट बुजवली. रात्री मोरीकडे जाताना बॅटरी हातात.

आणि झोपताना अंथरूण झटकणे. ह. अबू हुरैरा (र.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. अंथरुणावर जाण्यापूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते झटकून घ्यायला सांगितले, कारण आपल्या पाठीमागे त्यावर काय आले असेल हे आपल्याला ठाऊक नसते. लहानपणी मी ती मदरशात पाठ केली होती. माझ्या मनात तेव्हा धूळ होती, फार तर मुंग्या.

दंश झालाच तर करायचे ते थोडेच आहे. माणसाला आडवे करून शांत ठेवा, चालवू नका. दंश हातावर किंवा पायावर असेल तर तो हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा. घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, तोंडाने चोखू नका. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा, किंवा दारात असेल त्या गाडीने निघा. आमच्या स्वयंपाकघरात हे कागदावर लिहून नमाजच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेले आहे.

गेल्या वर्षी पुन्हा मण्यार आली. मुलगी आता कॉलेजात. तिनेच रात्री बॅटरीच्या उजेडात ती मोरीच्या कोपऱ्यात पाहिली. ओरडली नाही. सगळ्यांना बाहेर काढले, मोरीचे दार लावून फटीत गोणपाट कोंबले आणि भोरच्या सर्पमित्राला फोन केला. तो पाऊण तासाने आला. लांब आकड्याने तिला हळूच उचलून बरणीत सोडले. अम्मी उंबऱ्यात उभ्या होत्या. मदिन्यातल्या घरांत निघणाऱ्या सापांना आधी ताकीद देण्याविषयीची हदीस त्यांना पाठ आहे. त्यांनी बरणीकडे पाहून तीन वेळा बजावले, "जा बाई, परत येऊ नको."

"गावापासून लांब सोडतो, आजी," तो पोरगा म्हणाला आणि त्याने बरणीचे झाकण घट्ट केले. मग आम्ही त्याला चहा केला, कारण बाहेर पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता.