चांदीपच्या बाजूचीं स्वस्त घरें

मुंबईंतील वाडवडिलांच्या घराचा हिस्सा हातीं आला कीं, एकत्र राहूं इच्छिणाऱ्या कुटुंबास आतां वसई तालुक्यांतील मांडवी-चांदीपची बाजू आठवते. भाव हलका, हवा मोकळी. तथापि आम्ही म्हणूं, आधीं सातबारा पाहावा. इकडे आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि महसूल कायद्याच्या 36-अ कलमान्वयें अशी जमीन सरकारी परवानगीवांचून बिगर-आदिवासीस घेतां येत नाहीं. दलालानें स्टांपाचे कितीहि कागद पुढें केले तरी तो व्यवहार टिकत नाहीं.

सदनिकेची गोष्ट याहून बिकट. 2025 च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यांत उच्च न्यायालयाच्या हुकुमानें 41 अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. किल्ली हातीं आली म्हणजे घर आपलें झालें, असें मानणारे संसार उघड्यावर आले. त्याच वर्षीं ऑगस्टांत विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून 17 जीव गेले. बांधकाम-परवाना महानगरपालिकेंत स्वतः जाऊन पडताळावा. झेरॉक्सवर विसंबूं नये. महारेराची नोंदणी अवश्य पाहावी, पण तेवढ्यानें भागत नाहीं. खोट्या परवान्यांवर ती मिळविल्याचीं प्रकरणें कल्याण-डोंबिवलीकडे उघडकीस आलीं आहेत. शिवाय, नोंदलेल्या करारावांचून बिल्डरास किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें.

विकणाराची अडचण निराळी. भोगवटा-प्रमाणपत्र नसेल तर बँका कर्ज देण्यास कचरतात. मग रोकडीचेंच गिऱ्हाईक येतें, आणि तें भाव पाडून मागतें.

2021 पासून केवळ स्त्रियांच्या नांवें राहतें घर घेतल्यास मुद्रांक-शुल्कांत 1 टक्क्याची सूट मिळते. पुरुषमंडळींस ही सूट फार आवडते! खत सासूबाईंच्या नांवें करावें कीं सूनबाईंच्या, हें मात्र इसार देण्यापूर्वींच ठरवावें.