वकिलाच्या संकेतस्थळावर आपण काय ठेवून येतो

मी दवाखान्यात बसणारा माणूस. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. तरीही यंदाच्या व्याख्यानमालेसाठी हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण माझी एक रुग्ण. तिचे गाव, वय, घरचा धंदा यांतले बरेच बदलून सांगतो आहे, कारण आपला मुलूख लहान आहे. मेहकरात कोणी दोन दिवस अंथरुणाला खिळले की भालकीच्या बाजारात मला त्याची चौकशी होते.

झोप येत नाही, छातीत धडधडते, अशी तिची तक्रार. होमिओपॅथीत पहिल्या भेटीला तासभर सहज जातो. रोगी जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत, मध्ये न तोडता लिहून घ्यावे असे हानेमान यांनी ‘ऑरगॅनन’मध्ये सांगून ठेवले आहे, त्यामुळे आजाराबरोबर घरही माझ्यापुढे उघडते. बाईंना वडिलांच्या जमिनीत आपला वाटा हवा होता. थोडी जमीन इकडे, पहाणीवर. थोडी हद्दीपलीकडे, सातबाऱ्यावर. भालकीच्या किंवा बिदरच्या वकिलाकडे जावे तर बातमी संध्याकाळच्या बसने घरी पोचणार. म्हणून बहिणीच्या मुलाला हाताशी धरून त्याच्या मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या वकिलांच्या फर्मचे संकेतस्थळ उघडले. तिथे ‘आपले प्रकरण थोडक्यात लिहा’ अशी चौकट होती. थोडक्यात कसले! सर्व्हे नंबर, भावांची नावे, वडिलांचे शेवटचे आजारपण, कोणत्या कागदावर हिची सही घेतली आणि तेव्हा कोण कोण हजर होते, सगळे त्या पोराने टाइप करून पाठवले. आठव्या दिवशी धाकट्या भावाने भर पंगतीत विचारले, “अक्का, वकील लावलास म्हणे?”

बातमी कुठून फुटली ते पुढे सांगतो. फर्मनेच फोडली, असा बाईंचा ठाम समज होता, आणि ऐकताना मलाही तसेच वाटले. त्या निमित्ताने अशा संकेतस्थळांवर आपल्या माहितीचे काय होते ते मी समजून घेऊ लागलो.

पहिली गोष्ट म्हणजे एक अक्षर न लिहिताही आपण तिथे बरेच काही ठेवून येतो. पान उघडताक्षणी आपल्या जोडणीचा आयपी पत्ता, मोबाइलचा प्रकार, वेळ, कोणते पान पाहिले, एवढे तिकडच्या यंत्रावर नोंदले जाते. त्यात नाव नसते, पण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदींवरून जोडणी कोणाची ते शोधता येते.

मग येते कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली याने ही युक्ती काढली. माझ्या दवाखान्यात रोग्याच्या हाती आम्ही नंबर लिहिलेले छोटे कार्ड देतो. कार्डावर आजार नसतो, फक्त नंबर. पुढच्या खेपेला ते दाखवले की कंपाउंडर कपाटातून केसपेपर काढतो. कुकी म्हणजे तेच कार्ड. फरक इतकाच, की ते आपल्या खिशात गुपचूप ठेवता येते आणि पुढच्या वेळी आपण न दाखवता आपोआप दाखवले जाते. काही कार्डे ब्राउझर बंद केला की नाहीशी होतात, काही महिनोन्‌महिने राहतात. आपण मधूनच सोडलेला फॉर्म परत आल्यावर तसाच सापडतो, तो बहुधा अशा कार्डामुळे. त्यात वावगे काही नाही. अडचण तिऱ्हाइताच्या कार्डाची. समजा, एकाच कंपनीने कापडवाला, सोनार, औषधाचे दुकान आणि वकील या सगळ्यांच्या दारात आपला माणूस बसवला आणि प्रत्येक दारात तो तुमचे तेच एक कार्ड पाहून टिपण करतो. संध्याकाळपर्यंत तुमचा दिवस त्याला पाठ. संकेतस्थळावर पाहुणे मोजणारी साधने, नकाशे, व्हिडिओ असे बसवलेले असतात ते बहुधा बाहेरच्या कंपन्यांचे. दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या बाबतीत मी एवढे मनावर घेतले नसते. वकिलाच्या संकेतस्थळावर मात्र पानाचे नावच बोलते: घटस्फोट, वाटणी, अटकपूर्व जामीन. ते पान कोणी तीनदा उघडले, एवढ्यावरून मी देखील निदान करीन.

‘मान्य आहे’ या बटणाचा घोळ सर्वांत मोठा. आपल्या देशात वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ वा नियम आडवा येतो. २००८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी क्रमांक, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती संकेतस्थळावर द्यायची मुभा मिळाली. म्हणून बऱ्याच फर्मच्या दारात पाटी असते: मी स्वतःहून आलो आहे, मला कोणी बोलावले नाही, इथली माहिती म्हणजे सल्ला नव्हे. खाली ‘मान्य आहे’. हे बटण वकिलाला त्याच्या परिषदेच्या नियमापासून सांभाळते. तुमच्या माहितीशी त्याचा संबंध नाही. कुकीची पट्टी वेगळी. युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर अशा पट्ट्या जगभर जास्तच दिसू लागल्या, आणि परदेशी अशील असलेल्या आपल्याकडच्या फर्मही त्या लावतात. तिथे ‘सर्व स्वीकारा’ ठळक असते आणि ‘नाकारा’ शोधावे लागते. आवश्यक तेवढ्याच कुकी ठेवून बाकीच्या नाकारल्या तरी पान वाचता येते. आपण मात्र दोन्ही ठिकाणी बोट टेकवून मोकळे होतो.

आता त्या चौकटीत लिहिलेला मजकूर. तो बहुधा फर्मच्या सामाईक ई-मेलवर जातो, आणि संकेतस्थळ ज्या कंपनीच्या यंत्रावर असते तिथेही त्याची प्रत राहू शकते. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे लखोटा वाटेत कोणी फोडणार नाही, एवढेच. पलीकडे तो कोण उघडणार, हे कुलूप सांगत नाही.

वकिलाला सांगितले म्हणजे गुपित राहिले, असे आपण धरून चालतो. त्याला आधार आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे अशिलाने सांगितलेले वकिलाला त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, वकिलाच्या कारकुनालाही नाही. १ जुलै २०२४ च्या आधी १८७२ च्या साक्ष कायद्यात हेच कलम १२६ होते. (आम्हा डॉक्टरांना असे कवच नाही. न्यायालयाने विचारले तर मला बोलावे लागते. रोगी मात्र आम्हाला वकिलापेक्षा जास्त सांगतात!) पण हे संरक्षण वकील म्हणून नेमल्यानंतरच्या बोलण्याला आहे. चौकटीत लिहिणारा अजून अशील झालेला नसतो, आणि बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते: हा फॉर्म भरल्याने वकील-अशील नाते निर्माण होत नाही, गोपनीय मजकूर पाठवू नये. ते अक्षर बाईंनी वाचले नव्हते. तुम्ही-आम्हीही वाचत नाही.

ती ओळ कशासाठी असते ते मला एका वकील स्नेह्याने उलगडून सांगितले. बार कौन्सिलच्या ३३ व्या नियमाप्रमाणे ज्या वकिलाने एका पक्षाला दाव्याबद्दल सल्ला दिला, त्याने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभे राहायचे नसते. म्हणून जाणती फर्म आधी दोन्ही पक्षांची नावेच विचारते, आपल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहते आणि मगच हकीकत ऐकते. भाऊ आधीच त्या फर्मचा अशील असता तर? अक्कांनी सहीच्या कागदासकट आपली सगळी बाजू भावाच्या वकिलापुढे मांडून ठेवली असती.

फर्मच्या कपाटातूनही माहिती जाते. पनामातील मोसॅक फोन्सेका या फर्मचे १ कोटी १५ लाख दस्तऐवज २०१६ साली जगापुढे आले, आणि २०१८ मध्ये ती फर्म बंद झाली. त्यातून अनेकांचे लपवलेले व्यवहार उघड झाले, हे चांगलेच. पण वाटणीचे कागद असणाऱ्यांनी त्यातला आकडा लक्षात ठेवावा.

मग कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो? गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले, आणि ती याचिका होती आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत, ज्यांत आजाराची माहिती ‘संवेदनशील’ धरली आहे आणि गोपनीयता धोरण संकेतस्थळावर लावण्याचे बंधन आहे.

नव्या कायद्यातली एक गोष्ट सीमाभागातल्या घरांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. आपल्याकडे कचेरीतला कागद कन्नडमध्ये, बँकेतला इंग्रजीत, आणि आजोबांच्या पेटीतला उर्दूत नाहीतर मोडीत. सही मात्र सगळ्यांवर करायची. या कायद्याप्रमाणे, माहिती कोणती आणि कशासाठी घेतो आहोत याची सूचना, तसेच संमतीची विनंती, इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय माहिती देणाऱ्याला असला पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे, कन्नड आहे, उर्दू आहे, तेलुगूही आहे. तुम्ही कोणत्या राज्यात राहता याचा तिथे प्रश्न येत नाही. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, हेही त्यात आहे. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण सगळेच पुसून मागता येणार नाही. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी जी माहिती आवश्यक आहे तिला संमतीच्या आणि पुसण्याच्या बऱ्याचशा तरतुदींतून सूट आहे; सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी सुटत नाही. हे मला योग्य वाटते. नाहीतर धाकटा भाऊ उद्या उठून म्हणेल, अक्काच्या वकिलाकडच्या कागदांतून माझे नाव काढा. आणि कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. माझे कपाटातले केसपेपर त्यात येत नाहीत. नातवाने हौसेने त्यांचे फोटो काढून संगणकात भरले की येतील, म्हणून त्याला मी अजून किल्ली दिलेली नाही.

आता बातमी कशी फुटली ते. बहिणीचा मुलगा मामाच्या, म्हणजे याच धाकट्या भावाच्या, आडत दुकानात हिशेब पाहायचा. फॉर्ममध्ये ई-मेलची जागा आली तेव्हा मोबाइलने सवयीने दुकानाचाच ई-मेल भरला; पोराच्या ध्यानातही आले नाही. फर्मने रीतसर उत्तर पाठवले, विषय लिहिला ‘आपल्या वाटणीच्या दाव्याबाबत’, आणि ते उघडले आडतीच्या गल्ल्याशेजारच्या संगणकावर. फर्मचा त्यात दोष नव्हता. बाईंना हे समजावायला मला दोन भेटी लागल्या. त्या फर्मला तिने नंतर मराठीत चार ओळी लिहून आधीचा मजकूर काढून टाकायला सांगितले, आणि काढल्याचे उत्तर आले.

बाई पुढे बिदरच्याच एका वकिलाकडे गेल्या, समोर बसून बोलल्या, कागद हातात दिले. झोप सुधारली आहे; औषधाने किती आणि त्या भेटीने किती, ते मी सांगू शकत नाही. मागच्या महिन्यात आल्या तेव्हा स्वतःचा मोबाइल होता, स्वतःचा ई-मेल होता. “डॉक्टर, विसरायला होते, पासवर्ड तुमच्या केसपेपरवर लिहून ठेवता का?” असे म्हणून त्यांनी सांगायला सुरुवातही केली. मी पेन खाली ठेवले आणि हात जोडले.