शासनाची फौजदारी फिर्याद : वैद्य व औषधविक्रेत्यांनी काय जाणावे

औषध निरीक्षकाने दुकानातून नेलेल्या चूर्णाचा नमुना अप्रमाणित ठरला की बहुतेक व्यवसायबंधू प्रथम तक्रारदार रुग्णाचा शोध घेतात. त्याची समजूत घातली म्हणजे प्रकरण मिटेल, ही त्यामागील भावना. ती कायद्याला धरून नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 मधील आयुर्वेदिक औषधांविषयीच्या प्रकरण 4-अ खाली फिर्याद दाखल करतो तो निरीक्षक, तीही सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने (कलम 33-एम). खटला राज्यशासन विरुद्ध आरोपी असा चालतो. रुग्णाने तक्रार मागे घेतल्याने तो थांबत नाही.

आरोप कोणता, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. भेसळयुक्त औषध किंवा परवान्याविना उत्पादन यांस एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 2008 च्या दुरुस्तीने किमान दंड वीस हजार रुपये अथवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी अधिक असेल तो, असा झाला. बनावट औषधास एक ते तीन वर्षे कारावास आणि किमान पन्नास हजारांचा दंड सांगितला आहे. दुसऱ्याच्या नावाने विकलेले औषध बनावट ठरते, तर आरोग्यास अपायकारक द्रव्य असलेले औषध भेसळयुक्त. म्हणून समन्स हाती येताच त्यातील कलम वाचावे. आपल्याच रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास कलम 33-ईईसी च्या परंतुकाने सूट आहे. परंतु तेच औषध शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले की त्या सुटीचा आधार राहत नाही.

या सर्व प्रक्रियेत सर्वाधिक हानी होते ती एका मुदतीच्या अज्ञानाने. नमुना घेताना त्याचा एक सीलबंद भाग ज्याच्याकडून तो घेतला त्याला दिला जातो. तो जपून ठेवावा. शासकीय विश्लेषकाचा अहवाल मिळाल्यापासून 28 दिवसांच्या आत, आपण त्याविरुद्ध पुरावा देऊ इच्छितो असे निरीक्षकास किंवा न्यायालयास लेखी कळवले नाही, तर कलम 25 नुसार (जे कलम 33-एच ने आयुर्वेदिक औषधांनाही लागू आहे) तो अहवाल निर्णायक पुरावा मानला जातो. मग वनस्पतीची ओळख चुकली, साठवणुकीत बुरशी आली, हे सारे म्हणणे व्यर्थ. त्या 28 दिवसांत वकिलाकडे न जाता ओळखीच्या माणसांकडे खेपा घालण्यातच अनेकांचा वेळ जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

खरेदीची बिले जपण्याचे कारणही येथेच आहे. माल कोणाकडून घेतला ते निरीक्षकाने विचारल्यास सांगणे कलम 33-केए नुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. बिलाविना घेतलेल्या मालाचा धनी मग विक्रेताच.

दुसरी घातक सवय म्हणजे 'दंड भरून मोकळे होऊ' म्हणून गुन्हा कबूल करणे. दंड भरला तरी ती दोषसिद्धीच असते. पुन्हा तोच गुन्हा झाल्यास कलम 33-जे ची वाढीव शिक्षा लागते. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 मध्येही पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास नंतरच्या वेळी एक वर्षापर्यंत जातो. मधुमेह वा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. स्वतःच्या दवाखान्यावर उपचार होतात असा फलक लावण्यास नोंदणीकृत वैद्यास मुभा आहे, वर्तमानपत्रात दावा करण्यास नाही. नोंदणी व उत्पादन परवाना यांच्याबाबतची कार्यवाही पुन्हा स्वतंत्र.

सौम्य प्रकरणात, पूर्वी दोषसिद्धी नसेल तर, अपराधी परिवीक्षा कायदा, 1958 खाली ताकीद अथवा हमीपत्रावर सुटका मागता येते. त्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीस जोडलेली अपात्रता लागत नाही. ही विनंती शिक्षा ठोठावण्यापूर्वी करावी लागते आणि ती करण्यास वकिलास आठवण द्यावी.