सॉफ्टवेअर फुकट, मग बजेट कशाचं?

"ओपन सोर्स म्हणजे फुकट ना? मग बजेट कसलं करताय?" शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांनी मला पहिल्याच बैठकीत विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या पहिल्या एक्सेल शीटमध्ये मीही सॉफ्टवेअरपुढे शून्य टाकून खूश होतो.

आमच्या डोळ्यांसमोर बाह्मनी होतं. थॉटवर्क्सच्या इंजिनिअर्सनी बांधलेली ही सिस्टीम सगळ्यात आधी वापरात आली ती छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात. म्हणजे ती गावाकडच्या ओपीडीतच वाढलेली आहे. तिच्या पोटात तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर्स आहेत: पेशंटच्या नोंदींसाठी २००४ साली सुरू झालेलं ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस आणि बिलं व औषधसाठ्यासाठी ओडू. लायसन्सचा खर्च खरंच शून्य. पण तीन सॉफ्टवेअर्स म्हणजे तिघांचे अपडेट आणि तिघांचं एकमेकांशी पटवून देणंही आलं. ते करणारा माणूस फुकट येत नाही.

आता आकडे. हे आमच्यापुरते अंदाज आहेत, तुमच्याकडे भाव वेगळे असतील. सहा कॉम्प्युटर २.४० लाख, जादा डिस्कसह छोटा सर्व्हर १ लाख, वायरिंग-राउटर-प्रिंटर ६० हजार, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दीड लाख. झाले साडेपाच लाख. सुरुवातीला सिस्टीम बसवून शिकवायला बाहेरचे जाणकार, ३ लाख. चौथ्या वर्षी बॅटऱ्या पुन्हा, १ लाख. आणि रुग्णालयातच बसणारा एक मुलगा किंवा मुलगी, महिना २० हजार. पाच वर्षांचे १२ लाख. एकूण साडेएकवीस लाखांत निम्म्याहून जास्त पैसा एका पगाराचा! माझ्या पहिल्या शीटमध्ये नेमकी हीच ओळ नव्हती. बॅटऱ्याही नव्हत्या. तानसा-भातसाचं पाणी इथून मुंबईला जातं, पण पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे इथे राहणाऱ्यालाच विचारा.

रुपयांत न दिसणारा खर्च वेळेचा. ओपीडीत रोज १२० पेशंट धरले आणि नोंदणीला प्रत्येकी एक मिनिट जास्त लागलं, तर दोन तास गेले. सिस्टर आधीच दोन जणींचं काम करत असतात. म्हणून पहिले तीन महिने नोंदणीची एक जादा खिडकी धरली. लाइट गेल्यावर वापरायला कागदी केसपेपरही ठेवले, सिस्टर तर त्यासाठी अडूनच बसल्या होत्या.

हे सगळं कशासाठी, तर एका साध्या गोष्टीसाठी. दिवाळीनंतर इथली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन ७ असलेली गरोदर बाई जूनमध्ये बाळाला घेऊन येते, तेव्हा केसपेपर हरवलेला असतो आणि आपल्या लेखी ती नवीन पेशंट असते. कॉम्प्युटर आला म्हणून हे आपोआप सुटत नाही. एकाच पाड्यात वाघे, मुकणे आडनावाच्या सारख्याच नावाच्या तिघी-चौघी असतात, वय अंदाजे सांगितलेलं असतं, आणि रोमन स्पेलिंग प्रत्येक क्लार्क आपापल्या मनाने करतो. ओपनएमआरएसमध्ये वय अंदाजे आहे अशी खूण करता येते, दोनदा झालेली नोंद एकत्रही करता येते. पण त्या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे ओळखायला पाडा माहीत असलेला माणूसच लागतो. म्हणून तो मुलगा किंवा मुलगी शक्यतो याच तालुक्यातली हवी, ही अट मी शीटमध्ये वरच लिहिली. इंजिनिअरिंगची डिग्री नसली तरी चालेल.

काटछाट कशात करायची? जुने सगळे केसपेपर टाइप करायचा हट्ट आम्ही सोडला. फक्त टीबी, गरोदर बायका आणि बीपी-शुगरचे चालू पेशंट घ्यायचे. लॅब दुसऱ्या वर्षी. बॅकअपमध्ये मात्र काटछाट नाही: एक कुलूपबंद, एन्क्रिप्ट केलेली प्रत इमारतीबाहेर, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून सिस्टीम खरोखर उभी राहते का ते बघायचं. न तपासलेला बॅकअप असला काय, नसला काय. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ही माहिती सांभाळायची जबाबदारी छोट्या रुग्णालयावरही येते.

राहिला पगार. कॉम्प्युटरसाठी देणगीदार मिळतात, त्यावर नावाची पट्टी लावता येते. पगारावर कुठे लावणार? एकाने सुचवलं, केसपेपरमागे पाच रुपये वाढवा. १२० पेशंट, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १.८० लाख, पगाराचा पाऊण भाग निघाला असता. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. "भट्टीवरून आलेल्या बाईकडून कॉम्प्युटरचे पैसे घेणार?"

शेवटी ठरलं असं की दोन वर्षांचा पगार बाजूला पडेपर्यंत सर्व्हरची ऑर्डर द्यायची नाही. चोवीसपैकी चौदा महिन्यांचे जमलेत.