चाकांवरचं घर, लेखांक ८ : नळातून गुलाबी पाणी

ऑक्टोबरचा मध्य. मिनेसोटातल्या एका घरासमोर ट्रेलर उभा आहे आणि त्याच्या पोटाखालून पाण्याच्या दोन धारा काँक्रीटवर सांडताहेत. आतले सगळे नळ सताड उघडे. ना कुणाची आंघोळ चालू आहे, ना कुणी भांडी घासतंय. उन्हाळाभर काटकसरीनं वापरलेलं पाणी आता शेवटच्या थेंबापर्यंत घालवायचं आहे. तिकडे या कामाला ‘विंटरायझिंग’ म्हणतात. पहिल्या कडक थंडीच्या आत ते उरकावं लागतं.

गल्लीतल्या घरांना याची गरज नसते, कारण तिथली भट्टी हिवाळाभर चालू असते. ट्रेलर मात्र पातळ भिंतींचा, बंद करून ठेवलेला, आतून बाहेरइतकाच गार. मिनेसोटातल्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सियसवर गेला होता. तेवढी थंडी रोज पडत नाही, पण पाइप फुटायला तेवढी लागतही नाही.

काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरून राहिली की काय होतं, ते आपल्याकडे घरोघरी एकदा तरी पाहिलेलं असतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपचं दुखणं मात्र बाटलीहून थोडं वेगळं. जिथे बर्फ धरतो तिथेच पाइप फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो आणि पुढचं पाणी नळाकडे रेटत राहतो. नळ बंद असेल तर त्या पाण्याला जायला वाटच नसते. दाब चढत जातो आणि जो सांधा सगळ्यांत कच्चा, तो जातो. नळ उघडे ठेवतात ते यासाठी. हल्लीच्या ट्रेलरमधले पेक्स नावाचे प्लॅस्टिकचे पाइप थोडे ताणतात, त्यामुळे बरेचदा वाचतात. तडकतात ते सांधे, पंपाचं डोकं, संडासाचा व्हॉल्व्ह. शिवाय ही तडक हिवाळ्यात कळत नाही, कारण तोवर भोकाला बर्फाचंच बूच बसलेलं असतं. ती कळते एप्रिलमध्ये, सहलीच्या पहिल्या दिवशी, गादीखालून पाणी यायला लागलं की.

म्हणून आधी रिकामं करायचं. सांडपाण्याच्या टाक्या ठरलेल्या जागी नेऊन सोडायच्या. संडासाची आधी, मोरीची नंतर, म्हणजे मोरीच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. चांगल्या पाण्याची टाकी सोडायची, फिल्टर काढून ठेवायचा, आणि ट्रेलरच्या तळाशी गार-गरम पाण्याच्या ओळींना असलेली दोन बुचं उघडायची. सुरुवातीच्या त्या दोन धारा याच.

मग गिझर. घाई नडते ती इथे. गिझर बंद करून तो गार होऊ द्यायचा, वरच्या झडपेतून दाब सोडायचा आणि मगच खालचं बूच फिरवायचं, नाहीतर उकळतं पाणी सरळ हातावर येतं. सबर्बन कंपनीच्या पोलादी टाकीच्या गिझरमध्ये या बुचाबरोबर एक धातूची कांडी बाहेर येते. टाकीऐवजी तिनं गंजावं, एवढंच तिचं काम. दोन-तीन मोसम वापरलेली कांडी उसाच्या चिपाडासारखी दिसते. तीन चतुर्थांश झिजली असेल तर नवी घालायची.

एवढं करूनही ओळींमध्ये पाणी उरतंच. ते कसं काढायचं, यावरून ट्रेलरवाल्यांमध्ये दोन तट आहेत. पहिला तट हवेचा. शहराच्या पाण्याची नळी जिथे लागते, तिथे कॉम्प्रेसर जोडायचा आणि एकेक नळ उघडून पाणी उडवून लावायचं. दाब ४० पीएसआयच्या आत, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो साधारण तेवढा. गॅरेजमधला कॉम्प्रेसर १०० च्याही वर जातो, आणि काटा न बघता तो सुरू केला तर बर्फाआधी माणूसच सांधे फोडून मोकळा होतो. दुसरा तट गुलाबी अँटिफ्रीझचा. हवा वळणावरचं डबकं ओलांडून निघून जाते, हा त्यांचा आक्षेप, आणि तो खरा आहे. सौम्य हिवाळ्याच्या मुलखात नुसती हवा कदाचित भागवेल. मिनेसोटात दोन्ही करणारा शहाणा.

गुलाबी द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. इथे बाटलीच्या रंगापेक्षा नावाकडे बघायला हवं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे, चवीला गोड, आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपात त्याला जागा नाही. या घराण्यातल्या आणखी एका भावाची, डायएथिलीन ग्लायकॉलची ओळख मुंबईला फार वाईट प्रकारे झाली आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयातले १४ रुग्ण ते मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. प्रॉपिलीन मात्र औषधांत आणि खाद्यपदार्थांतही चालतं.

बाटलीवर उणे ५० फॅरनहाइट, म्हणजे उणे ४६ सेल्सियस लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तिथवर ते पातळ राहतं असा नव्हे. त्याच्या पुष्कळ आधी ते बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखं होतं. फक्त दगड होत नाही, म्हणून पाइप शाबूत राहतो. पाइपात पाणी उरलेलं असेल तर ते त्यात मिसळतं आणि हा आकडा खोटा पडतो. रिकामं करायचा एवढा खटाटोप त्याच्यासाठी.

आता गिझरच्या झडपा बायपासवर, नाहीतर सहा गॅलनची टाकी, म्हणजे जवळपास २३ लिटर, फुकट गुलाबी होते. पंपाची शोषनळी बाटलीत बुडवायची आणि पंप चालू. पहिल्या नळातून आधी हवेचे फुत्कार, मग नितळ पाणी, मग फिकट, आणि शेवटी सरबतासारखी भरगच्च गुलाबी धार. गारचा नळ वेगळा, गरमचा वेगळा. शॉवर, संडासाचं पेडल. मोऱ्यांखालच्या वाकड्या पाइपात वरून कपभर ओतायचं, कारण गटाराचा वास अडवायला तिथे पाणी मुद्दाम साठवलेलं असतं. दोन-तीन गॅलनमध्ये सगळं होतं.

आणि तरीही दरवर्षी कुणाचा तरी बाहेरचा शॉवर फुटतो. ट्रेलरच्या कुशीतल्या छोट्या झाकणामागे तो असतो. वाळूचे पाय धुवायला जुलैत एकदा वापरला, मग झाकण लावलं ते लावलंच. त्याच्याही दोन ओळी, गार आणि गरम, गुलाबी व्हाव्या लागतात.

एवढं झालं की ट्रेलर कोरडा, उबदार गाद्यांनी भरलेला आणि सहा महिने निर्मनुष्य. अशी जागा उंदरांना लगेच सापडते. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.