पाण्याचा दिवस आणि चौदा काठ्या

पहाटे साडेपाच

आज आमच्या गल्लीत पाण्याची पाळी. संभाजीनगरात राहणाऱ्याला दिनक्रम नळाच्या पाळीपासूनच सुरू करावा लागतो. मोटार वरची टाकी भरते, पण प्यायचं पाणी मी बादलीने दुसऱ्या मजल्यावर नेतो. दहा लिटर, म्हणजे दहा किलो. गोल्फची भरलेली बॅगही जवळपास एवढीच जड होते: चौदा काठ्यांचे साडेपाच किलो, डझनभर चेंडूंचा अर्धा किलो, पाण्याची बाटली, छत्री, जाकीट आणि वर रिकाम्या बॅगेचं स्वतःचं वजन.

एका हातात बादली धरली की अंग वाकडं होतं. तेच पाणी दोन बादल्यांत वाटून घेतलं तर जिना सरळ चढता येतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इझो नावाच्या गृहस्थांनी गोल्फच्या बॅगेला दोन खांद्यांचे पट्टे आणले, ते याच हिशेबाने. कावडीला हे आधीपासून ठाऊक होतं. पैठणला संत एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीनेच पाणी भरायचा असं सांगतात, आणि आमच्या नळाला येतं ते पाणीही पैठणच्याच गोदावरीचं. मी गोल्फच्या बॅगा बनवतो; माझ्या नव्या नमुन्यालाही दोन पट्टे आहेत. मी खुशीत होतो.

सकाळी आठ

वाळूजची औद्योगिक वसाहत. शेडचं शटर उघडलं आणि खुशी उतरली. काल संध्याकाळी सहाला चालू केलेली बॅगेच्या पायांची चाचणी पहाटे कधीतरी थांबलेली. काउंटरवर आकडा 11,340.

स्टँड बॅग म्हणजे पाय असलेली बॅग. 1986 साली मोंटानातल्या सन माउंटन कंपनीने तिला रूढ केलं. त्याआधी बॅग गवतावर आडवी पडायची आणि दर फटक्याला वाकून उचलावी लागायची. यातली युक्ती साधी आहे. बॅग जमिनीवर टेकवून जरा तिरकी केली की तळाची बिजागरी वळते, तिच्याशी जोडलेली तार वर सरकते आणि तोंडाजवळचे दोन पाय बाहेर ढकलते. उचलली की पाय मिटतात. आपल्या मोटारसायकलच्या साइड स्टँडची ही लांबची बहीण. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर या पट्ट्यात स्टँड, स्प्रिंग आणि वाकवलेल्या नळ्या करणारे इतके झाले, की गोल्फ फारसा न पाहिलेल्या गावात गोल्फची बॅग करायचं धाडस मी त्यांच्याच जिवावर केलं.

एका डावात सत्तर ते शंभर फटके. जास्तीत जास्त तेवढ्या वेळा बॅग ठेवायची आणि उचलायची. दोनशे डावांचे वीस हजार धरून मी गाडीच्या वायपरच्या मोटरवर एक जिग बांधलाय. दर तीन सेकंदांना तो बॅग वाकवतो आणि सरळ करतो. पाय शाबूत होते, बिजागरीही. तुटली होती तार, बरोबर वाकणीवर.

चूक माझीच. वजन कमी करायच्या हौसेत मी 4 मिलिमीटरची तार बदलून साडेतीनची घातली होती. दीड मीटर तारेत 35 ग्रॅम वाचले. पण तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. जाडी आठव्या हिश्शाने घटली आणि ताठपणा चाळीस टक्क्यांनी गेला. पस्तीस ग्रॅम म्हणजे एका चेंडूपेक्षाही कमी!

दहा

पलीकडच्या गल्लीतल्या स्प्रिंगवाल्यांनी तुटलेलं टोक उजेडात धरलं आणि एकच विचारलं, "एवढ्या काटकोनात कोणी वाकवली?" जाड तार घ्याच, पण वाकण मोठ्या गोलाईची करा, नाहीतर चारचीही तिथंच तडकेल. दुपारी चारपर्यंत देतो म्हणाले.

साडेअकरा

शिलाईचे मास्तर सॅम्पलच्या खिशाला चेन लावत होते. कापड 420 डेनियरचं. तळाला मात्र दुप्पट जाड, कारण घासतं तिथंच. आतले पडदे तोंडापासून बुडापर्यंत अखंड हवेत, नाहीतर काठ्यांच्या रबरी मुठी खाली एकमेकींत अडकतात आणि एक ओढली की दुसरी वर येते. मला एक खिसा काढून टाकायचा होता. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्को साहब, जेब निकाले तो आदमी थैली लटकाता." खिसा राहिला.

दीड

डबा उघडला आणि पुण्याहून फोन आला. मागचा नमुना मी येरवड्याला खेळणाऱ्या एका साहेबांच्या नावाने पाठवला होता; फोन त्यांच्या कॅडीचा, म्हणजे बॅग वाहणाऱ्याचा. चार-साडेचार तासांच्या डावात तो आठ-दहा किलोमीटर चालतो.

"सर, साहेबांना बॅग आवडली."

"आणि तुम्हाला?"

"दोन पट्टे नको. एकात हात घातला, दुसरा मागं लोंबतो. मला पुढं पळून चेंडू बघायचा असतो. दर वेळी दप्तर घालत बसू का?"

भाजी गार झाली. बॅग विकत घेणारा एक आणि उचलणारा दुसरा, हे आपल्याकडचं वास्तव माझ्या फर्म्यात कुठंच नव्हतं. अमेरिकेत हौशी खेळाडू पुष्कळदा स्वतः बॅग वाहतो. पट्टे एकदा खांद्यावर चढवले की सावकाश चालत सुटतो, म्हणून त्याला दोन लागतात. तिथंही एके काळी भार कॅडीवरच असायचा. चौदा काठ्यांची मर्यादा अमेरिकेत 1938 साली आली. त्याआधी लॉसन लिटलसारखा खेळाडू तीसच्या आसपास काठ्या बाळगायचा, आणि त्या वाहायच्या कॅडीने.

"उचलताना कुठं धरता?" मी विचारलं.

"डिकीत टाकताना खालून. खाली मूठच नाही, सर."

त्याला विचारल्याशिवाय हे मला दहा वर्षांत सुचलं नसतं.

तीन

नवा फर्मा कापला. एकच पट्टा, रुंदी बोटभर वाढवून. दुसरा हुकाने काढता-घालता येईल असा. बुडाशी निवारीची मूठ, दोन्ही टोकांना बार्टॅकची पक्की शिलाई. वजन 40 ग्रॅमने वाढलं. सकाळी मी हे होऊ दिलं नसतं.

साडेपाच

गोगाबाबा टेकडी. काठ्यांऐवजी वाळू भरलेल्या चौदा नळ्या, बाकी सगळं खरं. पट्ट्याची वरची कडी तीन बोटं खाली घेतल्यावर बॅग कमरेवर आडवी बसली. त्याआधी तोंड खाली झुकायचं आणि वाकलं की नळ्या घरंगळायच्या. उतारावर पाय टिकले, खडकावर एकदा घसरले. बॅगेच्या पायांच्या बुटांना जाड रबर लावायला हवं.

फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "तंबू आहे का?" दुसऱ्यांना वाटलं दुर्बीण. गोल्फ म्हणालो तर म्हणाले, "मग गाडी नाही का घेत?"

सात चाळीस

पुन्हा शेड. चारची तार, मोठ्या गोलाईची वाकण. तळाच्या बिजागरीला तेलाचा थेंब. काउंटर शून्यावर आणला आणि बटण दाबलं. मध्ये वीज गेली नाही, तर वीस हजार उद्या दुपारी बारा वीसला होतील. पुढच्या नमुन्याचं पार्सल त्यानंतरच येरवड्याला निघेल, आणि या वेळी त्यावर साहेबांचं नाव नसेल.