साच्यात उलटे, वाडग्यावर सुलटे

इटलीतल्या आरेत्सोच्या पुरातत्त्व संग्रहालयात लोक रेंगाळतात ते तांबड्या, झिलईदार रोमन वाडग्यांपुढे. मला त्यांच्या साच्यांनी जास्त खिळवलं. जाड भिंतीचं, मातकट रंगाचं भांडंच ते. पण नक्षी सगळी आतल्या अंगाला, खोलगट. एका तुकड्यात शेपूटवाले सॅटर होते. हे मद्यदेव बॅकसच्या मेळ्यातले रानातले अर्धदेव. जरा वेळ एकटक पाहिलं की खळगेच फुगीर दिसू लागतात.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस मार्कुस पेरेन्नियुसच्या कारखान्यात हे काम जोरात चाले. आधी एकेका आकृतीचा उठावाचा ठसा करायचा. मग चाकावर साचा वळायचा आणि तो ओला असतानाच आतून ठसे दाबत जायचे. वेली, देठ काडीने हातानेच ओढायचे. अंदाज चुकला की शेवटच्या सॅटरला पाय ठेवायला जागा नाही! तयार वाडग्याच्या झिलईत अशी दाटीवाटी लपून जाते, साच्यात मात्र लगेच कळते.

साचा भाजला की पुन्हा चाकावर. आत मळलेली माती घालून चाक फिरवायचं, बोटांनी ती नक्षीत दडपायची आणि काठ साच्याच्या वर ओढून घ्यायचा. पुढचं काम साचाच करतो. तो पाणी शोषतो, माती आवळते आणि वाडगा आपसूक सुटतो. म्हणून ठसा फार खोल दाबून चालत नाही. सॅटरची शेपूट अडकली तर तुटलीच. मग बूड जोडायचं, अगदी बारीक मातीच्या लेपात भांडं बुडवायचं आणि भट्टीत हवा खेळती ठेवून भाजायचं. लाली येते ती त्या हवेमुळे.

आकृत्यांच्या मधे चौकटीत नावं असतात, साच्यात अर्थात उलटी. मालकाच्या नावासोबत केर्दो, निकेफोरुस अशी गुलाम कारागिरांचीही. देवांच्या पंगतीत गुलामाचं नाव छापू देणारा मालक उदार होता असं मला वाटत नाही. कुणाचा माल कुठला, याचा हिशेब त्याला हवा असणार.

पुढे या हिशेबाचा भलताच उपयोग झाला. १९४५ साली पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना आरेत्सोच्या धर्तीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, काहींवर कुंभारांची नावं होती. त्या भांड्यांच्या आधारावरच त्यांनी त्या बंदराचा काळ ठरवला.